शेठचा जामीन

शेठने माझा दंड दाबून बघितला.

कोर्टाच्या व्हरांड्यात. भर माणसांत. माझं एक मनगट बेडीत, बेडीचं दुसरं टोक हवालदाराच्या पट्ट्याला, आणि मोकळा होता तो दंड शेठच्या मुठीत. दोन बोटं रुतवली, सोडली, परत रुतवली. मग तळहात उलटा करून बघितला. मग म्हणाला, "खोकून दाखव."

मी खोकलो.

"आतून खोक. मागच्या साली एक दमेकरी गळ्यात पडला माझ्या."

मी आतून खोकलो. वकील हसला. हवालदार हसला. व्हरांड्यात तारखेला आलेली माणसं होती, वाटणीवाली, बांधावरून भांडलेली, तीही वळून बघायला लागली. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "शेठ, दात बघा. शेपूट पण बघून घ्या. मागाहून तक्रार नको."

सगळा व्हरांडा हसला. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

ते हसू अजून माझ्या घशात आहे. गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही.

शेठ हसला नाही. गिऱ्हाईक हसत नसतं. त्याने माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. खांबाला टेकून माझी बायको उभी होती, कडेवर पोरगी. "जोडी हाय ना?" शेठने वकिलाला विचारलं. "एकटा नको मला. मूर्तींच्या घासकामाला बाई लागते." आणि तिला म्हणाला, "हात बघू गो तुझे."

तिने पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि हात पदराखाली नेले.

आता पहिल्यापासून सांगतो. मी थापाड्या माणूस आहे, हे आधीच कबूल. पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा. सुकेळीच्या खिंडीत वाघाला एसटीत बसवून दिला, कंडक्टरने त्याला अर्धं तिकीट फाडलं, ही गोष्ट माझीच. म्हणून वाचणाऱ्याने सावध राहावं. पण माझी थाप ओळखायला सोपी असते, आकाराने मोठी असते. शेठची थाप बारीक होती. ती कोणाला दिसली नाही. ती पुढे येईल.

थापेनेच मी आत गेलो. नागोठण्याच्या बाजूला एका ठेकेदाराच्या गोदामातून तांब्याची वायर गेली होती. टपरीवर तोच विषय. सगळे आपापलं डोकं चालवत होते. मला राहवलं नाही. मी म्हणालो, वायर कसली चोरताय, अख्खं गोदाम मी पाठीवर घेतलं, अंबा नदीला पूर होता, पोहत पलीकडे गेलो, वॉचमन आत झोपलेला होता, त्याला सकाळी पलीकडच्या काठावर जाग आली आणि तो मलाच विचारतो, शिफ्ट सुटली का?

माणसं पोट धरून हसली. हसणाऱ्यांत एक साध्या कपड्यांतला पोलीस होता.

चौकीत साहेबाने विचारलं, "गोदाम उचललंस ना? मग माल कुठं ठेवलास?"

मी म्हणालो, "साहेब, ती गोष्ट हाय."

"कुठला तू?"

वाडीचं नाव सांगितलं. आमची वाडी म्हणजे डोंगराच्या पायथ्याला कुडाची घरं. खाली गाववाल्यांची भातशेती, वर जंगल खात्याचं रान, मधल्या पट्टीत आम्ही. कुठे काही गेलं की गाडी आधी आमच्याकडे वळते.

साहेब म्हणाला, "वाडीवरचा? मग गोष्ट नसंल."

एवढंच. गाववाल्याने सांगितली असती तर गंमत, मी सांगितली म्हणून कबुली. पुढे चौकीत काय झालं ते तळपायांना विचारा, तोंडाने सांगवत नाही. माझ्या सगळ्या थापांत खरी म्हणून लिहून घेतलेली ही पहिली.

कोर्टाने जामीन दिला. ऐकून मी उडीच मारली. बेडीसकट हवालदार पण उडाला. पण जामीन म्हणजे सुटका नव्हे, हे खाली पाय टेकल्यावर कळलं. जामीनदार पाहिजे. जामीनदाराकडे सातबारा पाहिजे. आमच्या अख्ख्या वाडीत एकाच्या नावावर जमीन नाही. मेल्यावर पुरतात ती जागाही दुसऱ्याची. झालं, कागदावर मी सुटलेला आणि बराकीत मी बसलेला.

तुरुंग कुठला ते सांगत नाही. परत जायची वेळ आली तर ओळख नडेल. बराकीत माणसं अशी भरलेली की एकाने कूस बदलली की भिंतीपर्यंत सगळ्यांची बदलायची. डास एवढे की सकाळच्या हजेरीला शिपाई चुकून त्यांनाही धरायचा. डाळीत डाळ शोधायला पट्टीचा पाणबुड्या लागला असता. मी गोष्टी सांगायचो, माणसं हसायची, हसताना जरा जागा व्हायची. पण दुपारी सगळे गप्प असले की छातीवर कोणी ओला प्लास्टर ओतल्यासारखं व्हायचं. मूर्तीच्या साच्यात ओततात तसा. हळूहळू गरम होतो, हळूहळू घट्ट होतो, आणि आतल्याला हलता येत नाही. घर कसं चाललं असेल, पोरगी मला विसरली असेल का, हेच. बराकीत माझ्यासारखे पुष्कळ होते, जामीन झालेले आणि बसलेले. दार उघडं होतं म्हणे. आम्हाला ते दिसत नव्हतं.

तेव्हा शेठ आला.

पेणजवळच्या जोह्याकडे गणपतीचे कारखाने आहेत, सगळ्यांना माहीत आहे. बहुतेक घरचे, मालक स्वतः मातीत हात घालतो, बायकापोरं रंगाला बसतात. आमचा शेठ त्यातला नव्हता. त्याला सोंड कुठल्या अंगाला वळते तेसुद्धा मूर्ती बघून सांगावं लागे. त्याची एक लांबलचक पत्र्याची शेड होती आणि त्याचा सातबारा होता. हंगाम जवळ आला की शेठ कोर्टात फेरी मारायचा. वकील त्याचा ठरलेला. वाडीवरचे, कोणी नसलेले, जामीन होऊन अडकलेले असे शोधायचे, शेठ जामीन राहायचा, आणि माणूस तुरुंगातून थेट शेडमध्ये. दोन वेळचं जेवण. मजुरी विचारली की शेठ एकच वाक्य बोलायचा: "जामीन काढून घेऊ काय?" अशा माणसांना त्या भागात नावच पडलं होतं, जामीनवाले.

व्हरांड्यात दंड दाबला त्या दिवशी शेठच्या मागे छत्री घेऊन सोमाकाका उभा होता. आमच्याच वाडीचा, माझ्या बापाचा चुलतभाऊ. मी शाळेत जायला लागलो तेव्हापासूनचा तो जामीनवाला. भुवयांपर्यंत पांढरा. तो रंग वयाचा होता की मूर्ती ओततात त्या पीओपीचा, कळत नव्हतं.

"घे रे जामीन," काका माझ्या कानात म्हणाला. "शेठ वाईट नाय. केस संपली की मोकळा."

"तुझी कधी संपंल काका?"

"चालू हाय."

"तारखेला जातोस?"

"मला कशाला जावं लागतंय? शेठ जातो माझ्या बदल्यात. परवाच गेलेला. आल्यावर म्हणाला, सोम्या, आज तुझी तारीख होती, लय तापलेला न्यायाधीश, मी सांभाळलं." काका हसला. "उपकार हायत माणसाचे."

कागद व्हायचे होते म्हणून पुढची तारीख पडली. मी परत बराकीत. पण आता नाचत. दंड दाबला तर दाबला, बाहेर तर जाईन. बायकोही घासकामाला येईल, दोघं एका पत्र्याखाली तरी राहू. माणूस आत बसला की किती लवकर स्वस्त होतो!

तारखेला एसटीने निघालो. पेणहून रोह्याकडे की रोह्याहून पेणकडे ते सांगत नाही, नागोठणं मधे लागतं एवढं पुरे. हवालदाराने बेडी खिडकीच्या गजाला अडकवली. शेजारच्या बाईने पिशवी मांडीवर घेतली, मग पदर सावरला, मग उठून पुढे गेली. समोरचा म्हातारा एकटक बघत होता. मी म्हणालो, "बाबा, घाबरू नका. कैदी हवालदार हायत. मी त्यांना घेऊन चाललोय. पळू नयेत म्हणून मी गाडीलाच बांधून घेतलंय."

म्हातारा हसला, मागची बाकं हसली, हवालदारही हसला. तो हवालदार मनाने बरा होता. गोष्टींचा शौकीन. नागोठण्याच्या स्टँडवर त्याने मला त्याच्या पैशाने चहा पाजला. मोकळ्या हातात ग्लास दिला आणि म्हणाला, "चल, आज सुटतोस. शेठकडं कोण कोण हाय तुमच्या वाडीचं?"

"सोमाकाका हाय. त्याची केस लय जुनी. अजून चालूच."

"कोण, सोमा? कोंबडीवाली केस?" हवालदाराने चहा फुंकला. "येडा काय? ती कधीच उडाली. मीच होतो ड्युटीला. फिर्यादीच आला नाय, साहेबांनी सोडून दिली."

"काकाला माहीत नाय."

"शेठला माहीत हाय की. शेठच तर उभा होता तिथं." हवालदाराने तोंडाशी नेलेला ग्लास खाली घेतला. "तू काय बोलू नको हां. माझं नाव घेऊ नको."

नागोठण्यापासून कोर्टापर्यंत एक अक्षर बोललो नाही. मागच्या बाकावरचा म्हणालासुद्धा, "काय दादा, गोष्टी संपल्या?"

कोंबडी. कोंबडी चोरल्याच्या आळावर माझ्या काकाने जन्म घासला. केस मेली आणि जामीन जिवंत राहिला. शेठ त्या मेलेल्या केसच्या तारखांना जात होता! घरी जेवून झोपत असेल, आणि संध्याकाळी शेडमध्ये येऊन म्हणत असेल, सोम्या, सांभाळलं.

आणि माझा दंड त्याने दाबला होता. तो एका हंगामासाठी दाबला नव्हता. आता कळलं तो बोटं रुतवून काय बघत होता. किती वर्षं टिकेल ते बघत होता.

कोर्टाच्या पायरीवर हवालदाराने बेडी काढली. तिथे काढायचीच पद्धत. रस्ताभर सगळ्या जगाला दिसली तरी चालते, आतल्या खुर्चीला दिसता कामा नये.

खुर्चीवर बाई होत्या, नव्या आलेल्या. शेठचा वकील उभा राहिला. "जामीनदार हजर आहेत, मॅडम." शेठ इस्त्रीच्या सदऱ्यात पुढे झाला. दारात सोमाकाका छत्री घेऊन. मागच्या भिंतीला माझी बायको.

बाईंनी मला विचारलं, "यांना ओळखता?"

"व्हय."

"तुमचे कोण लागतात?"

वकील म्हणाला, "मालक आहेत, मॅडम."

"मी त्यांना विचारलं," बाई म्हणाल्या.

माझ्यावर एवढ्या माणसांसमोर बोलायची पाळी आली की मी वाघाला एसटीत बसवतो. त्या दिवशी वाघ सुचला नाही. मी म्हणालो, "अजून कोणी लागत नायत. आज जामीन राहिले की मालक लागतील. मला यांचा जामीन नको."

वकिलाने माझी बाही ओढली. "काय बडबडतोस? नको म्हणजे परत आत जाशील."

"जाईन."

बाई पुढे झुकल्या. "तुम्हाला समजतंय का, तुम्ही काय म्हणताय? जामीन नाकारलात तर परत तुरुंगात. वकिलांशी नीट बोलून घ्या."

"वकील माझा नाय, मॅडम. शेठचा हाय. माझ्याशी याआधी तो एक शब्द बोलला नाय. शेठ मला खोक म्हणाला तेव्हा हसला होता, तेवढंच."

आणि मग मी वळलो. वळायला परवानगी नसते. मी वळलो आणि दाराकडे बघून ओरडलो, "काका, तुझी केस संपली! कधीच संपली! तुझी तारीखच नसते!"

शिपायाने मला धरलं. बाईंनी टेबलावर हात मारला. सोमाकाकाने शेठकडे बघितलं. शेठने छतावरच्या पंख्याकडे बघितलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मनगटाकडे. "हे काय?"

"बेडी. आत्ता पायरीवर काढली."

"कोणाच्या हुकमाने घातली होती?" हे त्यांनी हवालदाराला विचारलं. हवालदार बुटाकडे बघत राहिला. मला त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. चहा पाजला होता त्याने. पण मनगट माझं होतं.

बाई म्हणाल्या, "आरोपीला सरकारतर्फे मोफत वकील द्या. तो तुमचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. आणि पुढच्या तारखेला बेडी नको." मग कागद पुढे सरकवत, "तोपर्यंत मात्र आत राहावं लागेल."

बाहेर बायको वाघिणीसारखी आली. हवालदार आपणहून बाजूला झाला.

"येडा झालास काय रं? मी देव पाण्यात घालून बसलेय आणि तू नको म्हणतोस?"

"तुला पण नेणार होता तो. तुझे हात बघणार होता."

"हात माझे हायत. मी बघंन काय करायचं त्यांचं. तू आत गोष्टी सांगशील, पोरीला मी काय सांगू? बापाने दार उघडलं आणि परत लावून घेतलं?"

ती तरातरा निघून गेली. पोरगी खांद्यावरून मागे बघत होती.

बराकीत बातमी माझ्या आधी पोचली. "या राजे," एकजण म्हणाला, "तुरुंग एवढा आवडला? सासुरवाडी हाय काय?" शिपाई येताजाता विचारायचे, "आज काय नाकारणार? जेवण?" मी हसलो नाही. हसणं बंद झालं म्हणून त्यांनीही हळूहळू सोडलं. पण ओला प्लास्टर परत भरत आला, आता गळ्यापर्यंत. कित्येकदा वाटलं, ओरडून सांगावं, बोलवा शेठला, दाबू दे दंड, दाबू दे मान. वाटलं ते सांगतो, कारण पुढे कोणी मला धीराचा माणूस म्हणेल. धीर नव्हता. फक्त काकाच्या पांढऱ्या भुवया डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

सरकारी मोफत वकील आली. पोरसवदा, घामाघूम, हातात फुटकी छत्री. मी म्हटलं, ही काय करणार? ती समोर बसली आणि म्हणाली, "सगळं सांगा. गोदाम पोहत नेलंत तिथपासून." ऐकताना एकदाही हसली नाही. मग म्हणाली, "जामीनदार मिळत नसेल तर कोर्ट तुमच्या स्वतःच्या शब्दावर सोडू शकतं. जातमुचलका म्हणतात."

"माझ्या शब्दावर?" मी म्हणालो. "बाई, माझ्या शब्दावर पेणपासून रोह्यापर्यंत कोणी चहा उधार देत नाय."

"मग आता द्यायला लावू," ती म्हणाली.

ही वाट पहिल्या दिवसापासून होती. चौकीत कोणी सांगितली नाही, तुरुंगात कोणी सांगितली नाही, शेठचा वकील तर ती पाठ असून गप्प. बराकीतले निम्मे या वाटेने चालत घरी गेले असते.

पुढच्या तारखेला बेडी नव्हती. दोन्ही हात मोकळे, त्यांचं काय करायचं ते सुचेना. मांडीवर ठेवले, खिडकीत ठेवले. शेवटी हाताची घडी घालून साहेबासारखा बसलो.

व्हरांड्यात बायको आली होती. हातात फडक्यात भाकरी आणि सुकट. रुसवा तसाच, पण भाकरी गरम.

"शेठ आलेला वाडीवर," ती म्हणाली. "म्हणाला, घर काढायला लावीन. नवऱ्याला विचार, सुटणार कोणाच्या जामिनावर."

"मग तू काय बोललीस?"

"त्या वकील पोरीने मला समजावलेलं. मी बोलले, त्याच्या स्वतःच्या. आणि माझे हात बघायचेत ना, हे बघ म्हटलं. कोयता होता हातात. लाकडं फोडत होते." मग माझ्याकडे न बघता, "खा. निवतंय."

मी सुटलो. कागदावर मीच सही केली, आश्रमशाळेत शिकलेल्या वाकड्या अक्षरांत. चौकीत हजेरी लागते. केस अजून चालू आहे. आणि माझी केस चालू आहे हे मी स्वतः तारखेला जाऊन बघतो.

सुटलो तो पहिला शेडमध्ये गेलो. शेठ नव्हता. पत्र्याखाली माणसं रांगेने घासत बसलेली, पांढरी धूळ, बिनडोळ्यांच्या मूर्ती. सोमाकाका त्याच्या जागेवर होता.

"काका, चल वाडीवर. ऐकलंस ना त्या दिवशी? केस संपली."

काकाने पॉलिश पेपर खाली ठेवला नाही. "शेठने सांगितलं मला. खालच्या कोर्टातली संपली. आता वरच्या कोर्टात गेलीय. तिकडं तर लय कडक असतंय म्हणे."

मी थापाड्या. वाघाला एसटीत बसवणारा. पण ही थाप मला जन्मात सुचली नसती.

मी काकाच्या पुढ्यात बसलो, हात धरला. काकाने तो हळूच सोडवून घेतला आणि मूर्तीचा कान घासायला लागला. मी रिकाम्या हाताने उठलो. तेवढ्यात पलीकडचा एक पोरगेला जामीनवाला मान वर न करता म्हणाला, "दादा, माझी कधी हाय तारीख? तुला कळंल काय?" त्याच्या पलीकडचा म्हणाला, "माझी पण बघशील?" मग घासण्याचा आवाज थांबला. पूर्ण शेडमध्ये. काकाचाही.

तर माझी पुढची तारीख येतेय. मी एकटा जाणार नाही. त्या शेडमधला जो येईल त्याला त्या खुर्चीसमोर उभा करणार आहे, आणि ज्याने त्याने स्वतःच्या तोंडाने विचारायचं आहे, माझी केस कुठे आहे. काका नाही आला तर त्याच्यासाठी मी विचारीन, आणि उत्तर शेडमध्ये येऊन मोठ्याने सांगीन, तो कान घासत असला तरी, शेठ दारात उभा असला तरी. घर पाडलं तर उघड्यावरून जाईन. परत आत घातलं तर बराकीतल्या एकेकाला जातमुचलका शिकवीन.

व्हरांडा तोच आहे, आणि शेठ हंगामाआधी तिथे येणारच. या वेळी मी हसणार नाही. आणि त्याने कोणाच्याही दंडाला हात घातला, तर तो हात तिथेच धरून ठेवणार आहे, आतून माझ्या नावाचा पुकारा होईपर्यंत.